काट्यांची साक्ष

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरांतील कागद हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. ज्या यंत्रांनीं आपल्या वडिलांचें आणि आजोबांचें आयुष्य घडविलें, त्यांच्याकडे साधन म्हणून पाहण्याची आपणांस संवय नाहीं. तीं मोडलीं कीं भंगारांत जातात. दैव बलवत्तर असलें तर एखाद्या धाब्याच्या अंगणांत नवा रंग चढवून शोभेला ठेविलीं जातात. प्रस्तुत लेखांत अशाच एका लहानशा वस्तूचा विचार करावयाचा आहे. जुन्या पिकअप गाडीच्या पुढच्या फळीवर जे चारपांच मीटर बसविलेले असतात, त्यांचे काटे कालांतरानें निश्चल होतात. ते पुन्हा मूळच्या तारांना, नळ्यांना आणि केबलीला जोडून बोलते करावयाचे, हा तो विषय. हें काम मिस्त्रीचें. इतिहासाच्या अध्यापकानें त्यांत कां पडावें, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, बंद पडलेला काटा त्याच्या उगमाशीं जोडणें आणि सुटा पडलेला पुरावा त्याच्या मूळ प्रसंगाशीं जोडणें, हीं दोन कामें दिसतात तितकीं भिन्न नाहींत. दोहोंतहि प्रश्न एकच असतो: समोर जें दिसत आहे तें खरें आहे काय, आणि तें कोणाच्या सांगण्यावरून दिसत आहे?

या विचारास स्थळ निवडावयाचें तर वारंगा फाट्यासारखें ठिकाण सोयीचें. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यांत हा फाटा आहे. नांदेडाकडून येणारी वाट येथें दुभंगते. एक कळमनुरी, हिंगोली, वाशीम करीत अकोल्याकडे जाते, तर दुसरी हदगांव, उमरखेड, यवतमाळ करीत नागपूरच्या दिशेनें निघते. फाटा या शब्दांतच त्याचें चरित्र आलें. गांव रस्त्याच्या आधींचें असतें, फाटा रस्त्यानंतरचा. जेथें गाडीवानास थांबून कोणीकडे वळावयाचें याचा विचार करावा लागतो, तेथें आधीं चहाचें दुकान येतें, मग पंक्चर काढणारा येतो, आणि त्याच्या मागोमाग मिस्त्री येतो. मोटारीच्या युगानें महाराष्ट्राला जीं नवीं वस्तिस्थानें दिलीं त्यांत अशा फाट्यांची गणना केली पाहिजे.

हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १९५६ त मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० त महाराष्ट्र राज्य झालें, आणि १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा निघून हिंगोली जिल्हा अस्तित्वांत आला. संस्थानांत सरकारी मोटारवाहतूक सुरू झाली ती १९३२ सालीं. निजामाच्या रेल्वेखात्यानेंच ती काढली. आरंभीं तिच्यापाशीं २७ बसगाड्या आणि १६६ नोकर होते. १९५१ च्या नोव्हेंबरांत ती रेल्वेपासून विभक्त होऊन हैदराबाद राज्य सरकारच्या एका स्वतंत्र खात्याकडे आली. तात्पर्य, मराठवाड्यांतील मोटारीचा संघटित इतिहास शंभर वर्षांच्याहि आंतला आहे. इतक्या अलीकडचा इतिहास आपण सहज जपला असेल असें वाटतें. परंतु अनुभव उलट आहे. फार जुनें तें आदरानें जपलें जातें, अगदीं नवें तें गरजेनें जपलें जातें. मधलें तेवढें कोणाचेंच नसतें.

आतां त्या फळीकडे वळूं. इंग्रजींत जिला डॅशबोर्ड म्हणतात ती मुळांत मीटर लावण्याची जागा नव्हतीच. घोड्यांच्या टापांनीं उडालेला चिखल हांकणाऱ्याच्या अंगावर येऊं नये म्हणून बग्गीच्या पुढें जी लांकडाची किंवा चामड्याची आडोशाची फळी लावीत, तिचें तें नांव. घोडे गेले, चिखल राहिला, आणि फळीहि राहिली. पुढें तिच्यावर एकेक मीटर येऊन बसूं लागला. हे मीटर एकदम आले नाहींत. प्रत्येकामागें मनुष्याची एकेक निराळी भीति आहे, आणि त्या भीतींचा क्रम लावला तर यंत्रयुगाचा एक संक्षिप्त इतिहासच हातीं येतो.

पहिली जिज्ञासा अंतराची. ती भीतीहून जुनी आहे. किती चाललों, हें चाकानें मोजण्याची युक्ति रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस यानें आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागांत सांगितली आहे. चार फूट व्यासाचें चाक चारशें वेळां फिरलें कीं रोमन मैल पुरा होतो, आणि त्या क्षणीं एक खडा आपोआप भांड्यांत पडतो. दिवस संपल्यावर खडे मोजावे. आपल्या देशांत कंपनी सरकारच्या मोजणीदारांनीं असेंच एक मोजणीचें चाक रस्त्यारस्त्यांवरून ढकलीत नेलें. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा प्रवर्तक विल्यम लॅम्बटन हा २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें वारला, तोहि हैदराबादेकडून नागपुराकडे जातांनाच. पिकअपच्या मीटरांतील लहानशा खिडकींत जे पांच आंकडे सरकत असतात, त्यांची कुळी ही अशी जुनी आहे.

दुसरी भीति स्फोटाची. बाष्पयंत्राच्या पिंपांत वाफ किती कोंडली आहे हें बाहेरून कळत नसे, आणि न कळल्यामुळें माणसें मरत. १८४९ सालीं पॅरिसच्या यूजीन बूर्दों यानें यावर एक सोपा उपाय शोधून त्याचें पेटंट घेतलें. चपटी करून वाकविलेली एक धातूची नळी घ्यावी. तिच्यांत दाब वाढला कीं ती सरळ होऊं पाहते, आणि तिच्या टोंकाला जोडलेला काटा फिरतो. बागेंतील गुंडाळलेल्या रबरी नळींत पाणी सोडलें असतां ती कशी उसळते हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास हें तत्त्व निराळें समजाविण्याचें कारण नाहीं. मोटारींतील तेलाचा दाब दाखविणारा जुना मीटर म्हणजे हीच नळी, लहान रूपांत. पाण्याची उष्णता दाखविणाऱ्या जुन्या मीटरांतहि तीच आहे. इंजिनाच्या पाण्यांत बुडविलेल्या एका बंद भांड्यांत लवकर उडून जाणारा द्रव असतो. पाणी तापलें कीं त्याची वाफ होते, आणि ती वाफ केसासारख्या बारीक नळींतून फळीवरच्या त्या वाकड्या नळीला ताणते. म्हणजे मोटारीच्या तेलाची आणि पाण्याची खबर एकाच पॅरिसकर कारागिराच्या कल्पनेवर चालते.

तिसरी भीति वेगाची. घोड्याचा वेग घोड्यालाच ठाऊक असतो. यंत्राला तो ठाऊक नसतो. स्ट्रासबर्ग येथील ओटो शुल्झ यानें १९०२ सालीं वेगमापकाचें पेटंट घेतलें. गिअरबॉक्सपासून निघालेली एक पीळदार केबल एका लहान चुंबकाला फिरविते. चुंबकाभोंवतीं धातूची एक वाटी असते, ती चुंबकाला कोठेंच शिवत नाहीं. तरी चुंबक फिरूं लागला कीं वाटींत वीज उपजते आणि वाटीहि त्याच्या मागें ओढली जाते. बारीक कमान तिला मागें खेंचते. या ओढाताणींत वाटी जेथें स्थिरावते, तेथें वेगाचा आंकडा. न शिवतां ओढणें, हें या यंत्राचें सौंदर्य आहे.

यानंतरचे मीटर भराभर आले. अमेरिकेंत हॅरिसन बॉइस यानें १९१२ च्या सुमारास रेडिएटरच्या झांकणावरच उष्णतामापक बसविला. चालकानें तो कांचेतून दुरून वाचावयाचा. त्याच वर्षीं कॅडिलॅक गाडींत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला. मग बॅटरी आली, डायनमो आला, आणि बॅटरींत वीज येते आहे कीं जाते आहे हें सांगणारा अँपियरमीटर आला. पेट्रोलाचा मीटर मात्र पुष्कळ दिवस चैनीचा समजला जाई. फोर्डच्या प्रसिद्ध टी जातीच्या गाडींत बैठक उचलून टाकींत काठी बुडवावी आणि ती किती भिजली तें पाहावें, अशीच रीत होती.

काठीची ही रीत हंसण्यासारखी नाहीं. आपल्याकडे तर मापनाची याहून सूक्ष्म परंपरा आहे, आणि ती नेमकी या हिंगोलीच्या परिसराशीं जोडलेली आहे. गोरोबाकाकांनीं थापटण्यानें संतांचीं डोकीं ठोकून पाहिलीं आणि नामदेवांचें मडकें कच्चें ठरविलें, ही कथा कोणास ठाऊक नाहीं? नामदेवांचें मूळ गांव म्हणून सांगितलें जाणारें नरसी आणि ज्या विसोबा खेचरांकडे ते त्यानंतर गेले त्यांचें औंढा नागनाथ, हीं दोन्ही स्थळें आज हिंगोली जिल्ह्यांत आहेत. कथेचें अध्यात्म बाजूस ठेवून तिच्यांतील कारागिरी पाहावी. भाजलेलें मडकें आणि कच्चें मडकें यांचा आवाज निराळा, हें कुंभारास ठाऊक असतें. त्याला काटा लागत नाहीं. जुना मिस्त्रीहि इंजिनाच्या आवाजावरून तेल कमी आहे हें ओळखतो. मग मीटर कशाला? तो अशासाठीं कीं, कुंभाराचा कान कुंभारापाशींच राहतो, आणि गाडी तर कोणाच्याहि हातीं जाते. ज्ञान एका माणसाच्या कानांतून काढून सर्वांच्या डोळ्यांपुढें ठेवणें, हेंच काट्याचें ऐतिहासिक कार्य. या अर्थीं फळीवरचा मीटर हें लोकशाहीचें एक लहानसें उपकरण आहे.

आतां पिकअपविषयीं. मागें माल ठेवण्याची उघडी पेटी असलेली आणि कारखान्यांतूनच तशी तयार होऊन निघालेली पहिली फोर्ड गाडी १९२५ सालची. परंतु मराठवाड्याच्या रस्त्यांवर या जातीचा जो इतिहास घडला तो बहुतांशीं युद्धानंतरचा. दुसऱ्या महायुद्धांत विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधिल्या. त्या गाडीच्या फळीवर पांच मीटर असत: वेगाचा मोठा, आणि पेट्रोल, तेल, पाणी व वीज यांचे चार लहान. वेगाचा आंकडा साठ मैलांवर संपे. वीज सहा व्होल्टांची असे. युद्ध संपल्यावर १९४७ त विलीस कंपनीनें टोलेडो येथें याच इंजिनाची पिकअप काढली. त्याच वर्षीं मुंबईंत जीपगाड्यांची जुळणी होऊं लागली, ती करणाऱ्या कंपनीचें नांव तेव्हां महिंद्र आणि महंमद असें होतें. त्यांतील भागीदार गुलाम महंमद हे एके काळीं निजाम सरकारचें अर्थखातें सांभाळीत. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ त कंपनी महिंद्र आणि महिंद्र या नांवानें चालूं लागली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ त स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून डॉज आणि फार्गो नांवाचे ट्रक निघूं लागले तेहि याच सुमारास. एका जीपच्या फळीमागें साम्राज्य, युद्ध, फाळणी आणि स्वदेशी उद्योग हीं सर्व प्रकरणें अशीं गुंतलेलीं आहेत.

अशा गाड्या सरकारी खात्यांतून लिलांवांत निघाल्या, शेतकऱ्यांच्या व व्यापाऱ्यांच्या हातीं आल्या, मागला भाग कापून त्यांच्या पिकअप झाल्या, आणि कापूस, हळद, सरकी, सिमेंट, वऱ्हाडी, जें असेल तें त्यांनीं वाहिलें. याच काळांत त्यांचे काटे एकेक करून थांबले. हे काटे जुनेपणानेंच थांबले असें समजणें बरोबर नाहीं. कित्येकांच्या थांबण्यास इतिहासांत नोंदविण्याजोगीं कारणें आहेत.

पहिलें कारण १९७३ सालचें. त्या वर्षीं अरब राष्ट्रांनीं तेलाचा पुरवठा आंखडला आणि दोनचार महिन्यांत जगांत कच्च्या तेलाची किंमत सुमारें चौपट झाली. पेट्रोलवर चालणारी जीप खेड्यांतील माणसास परवडेना. तेव्हां ठिकठिकाणीं पेट्रोलचें इंजिन उतरवून डिझेलचें बसविण्याचा सपाटा सुरू झाला. कोणी ट्रॅक्टरचें बसविलें, कोणी अन्य गाडीचें. कारखान्यानेंहि पुढें तीच वाट धरली. १९७९ त फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशीं डिझेल इंजिनाचा करार झाला. नव्या इंजिनाला तेलाच्या नळीचें भोंक निराळ्या आट्यांचें, पाण्याच्या उष्णतेचें भोंक निराळ्या जागीं. जुनी नळी तेथें बसेना. मिस्त्रीनें ती वळवून बांधून ठेविली, आणि दोन काटे कायमचे निजले.

दुसरें कारण विजेचें. सहा व्होल्टांची जागा बारांनीं घेतली, आणि पुढें डायनमोच्या जागीं आल्टरनेटर आला. तिसरें कारण मोजमापाचें. वजनेंमापें दशमान करण्याचा कायदा १९५६ त झाला, १९५८ च्या ऑक्टोबरापासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली, आणि कांहीं वर्षांत मैलाचे दगड जाऊन किलोमीटरचे आले. त्यामुळें मैल, फॅरनहीट आणि चौरस इंचावरील पौंड यांत बोलणारी फळी आपल्याच रस्त्यावर परकी झाली. चालू असलेला काटाहि त्यामुळें वाचला जाईना. आणि जें वाचलें जात नाहीं तें दुरुस्त करण्याची तसदी कोण घेतो?

असा हा थांबलेला काटा पुन्हा जोडावयाचा म्हणजे काय करावयाचें? पहिली गोष्ट मोठी गमतीची आहे. बहुतेक जुन्या मीटरांची एक वाट तारेनें येते आणि दुसरी गाडीच्या पत्र्यांतून बॅटरीकडे परत जाते. हौशी मालक गाडी नवी दिसावी म्हणून सगळा पत्रा खरडून त्यावर जाड रंग देतो. रंगांतून वीज जात नाहीं. आणि कालपर्यंत अडखळत कां होईना बोलणारा काटा रंगाच्या दिवशीं मुका होतो. स्क्रूखालचा रुपयाएवढा रंग खरवडून पत्रा उघडा केला कीं पुष्कळ वेळां काटा हलतो. झळाळी आणि साक्ष यांचा विरोध इतक्या स्पष्टपणें दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल.

दुसरी गोष्ट विजेच्या दाबाची. कांहीं मीटर उष्णतेवर चालतात: तारेनें तापून दोन धातूंची जोडपट्टी वाकते आणि काटा सरकतो. अशा मीटराला सहाच्या जागीं बारा व्होल्ट दिले तर उष्णता दुपटीनें नव्हे, चौपटीनें वाढते. म्हणून दाब उतरविणारें साधन मध्यें घातलें पाहिजे. तिसरी गोष्ट टाकींतील तरंगत्या गोळ्याची. गोळा वर-खालीं होतो तसा विजेचा रोध बदलतो, आणि मीटर तो रोध वाचतो. पण ही भाषा सर्व कंपन्यांची एक नाहीं. एका पद्धतींत टाकी रिकामी असतां रोध शून्य ओम आणि भरली असतां नव्वद. दुसरींत रिकामी असतां सत्तरांच्या वर आणि भरली असतां दहाच्या आसपास. एकीचा गोळा आणि दुसरीचा मीटर यांची गांठ घातली, तर टाकी आटत जाते आणि काटा भरल्याची ग्वाही देत वर चढतो. दोन्ही वस्तु अस्सल, दोन्ही निर्दोष, तरी मिळून निघालेलें विधान साफ खोटें.

चौथी गोष्ट अँपियरमीटराची. जुन्या रचनेंत स्टार्टरचा सोडून गाडीचा जवळजवळ सर्व प्रवाह या एका मीटराच्या पोटांतून जातो. तीसचाळीस अँपियरांसाठीं केलेल्या मीटरांतून मोठ्या आल्टरनेटरचा प्रवाह सोडला, तर तार तापून गाडीच पेटण्याचें भय असतें. तेव्हां बहुतेक प्रवाह बाजूच्या जाड पट्टींतून नेऊन थोडासाच मीटरांतून न्यावा लागतो, आणि तबकडीवरचें मान त्याप्रमाणें पुन्हा ठरवावें लागतें. पांचवी गोष्ट पाण्याच्या उष्णतेच्या केसाळ नळीची. ती एकसंध असते; एकदां कापली किंवा मुडपली कीं आंतला द्रव जातो आणि मीटर मरतो. तार तुटली तर सांधतां येते. ही नळी नव्या द्रवानें भरून, नाजूक हातानें डाख देऊनच जिवंत होते. सहावी गोष्ट वेगाची. केबलीच्या मुळाशीं असलेलें दांतेरी चाक गाडीच्या आंसाचें आणि टायरचें प्रमाण धरून केलेलें असतें. टायरचा घेर दहा टक्के वाढविला, तर मीटर साठ दाखवीत असतां गाडी सहासष्टानें धांवते. आणि अंतराचे आंकडेहि त्याच प्रमाणांत कमी भरतात.

हा तपशील कंटाळवाणा वाटला असेल तर वाचकांनीं तो इतिहाससंशोधनाच्या भाषेंत वाचून पाहावा. राजवाड्यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले, त्यांसाठीं ते गांवोगांव हिंडले, तें कशाकरितां? कागद अस्सल असून भागत नाहीं. तो कोणाच्या दप्तरांतला, कोणत्या मित्तीचा, कोणी कोणास लिहिलेला, हा धागा तुटला कीं अस्सल कागदहि भलतेंच बोलतो. एका घराण्याच्या शकावलीनें दुसऱ्या घराण्याचा कागद वाचणें म्हणजे एका कंपनीच्या गोळ्याला दुसरीचा मीटर लावणेंच होय. आणि पत्र्यावरचा रंग? पूर्वजांच्या चरित्राला आपण जो चढवितों तो.

येथें जीर्णोद्धाराचा जुना वाद उपस्थित होतो. ज्या १८४९ सालीं बूर्दों यानें आपल्या नळीचें पेटंट घेतलें, त्याच सालीं इंग्लंडांत रस्किनचा वास्तुकलेच्या सात दीपांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. जुन्या इमारतीचा जीर्णोद्धार ही एक फसवणूक आहे. इमारत जपावी, पण ती पुन्हा नवी करूं नये, हें त्याचें मत. फ्रान्समध्यें व्हिओले-ल-द्यूक याचा पक्ष उलट. इमारत पूर्ण रूपांत आणावी, मग ती पूर्वीं कधीं तशी नसली तरी चालेल. आपल्या सरकारनें १५ जुलै २०२१ रोजीं जुन्या गाड्यांचे जे नियम जाहीर केले, त्यांत या वादाचा एक प्रकारें निकाल लावला आहे. पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची, आणि जिच्या सांगाड्यांत, पेटींत वा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नाहीं अशी दुचाकी किंवा चारचाकी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदतां येते. तिला निराळ्या अक्षरांची पाटी मिळते. आणि नित्याच्या वापरासाठीं ती रस्त्यावर आणतां येत नाहीं.

नियम कायद्याच्या दृष्टीनें सुटसुटीत असेल. पण तो वारंगा फाट्यावर उभा राहून वाचला तर मनांत शंका येते. ज्या पिकअपनें १९७३ नंतर इंजिन बदललें, मागला भाग कापून घेतला आणि तीस वर्षें हळद वाहिली, ती या व्याख्येंत बसत नाहीं. जी कोणा श्रीमंताच्या गराजांत निजून राहिली ती बसते. म्हणजे गाडीनें जितका इतिहास घडविला, तितकी ती ऐतिहासिक म्हणविण्यास अपात्र ठरते. टोलेडोच्या कारखान्यांतून निघालेलें तेवढेंच मूळ, आणि कळमनुरीच्या मिस्त्रीनें केलें तें मात्र विकार, असें समजणें म्हणजे आपल्या माणसांच्या हातांना इतिहासांतून वगळणें होय. डिझेलचें तें परकें इंजिन हाच या मुलुखाचा दस्तऐवज आहे. तेलाच्या संकटाला एका कोरडवाहू प्रदेशानें दिलेलें तें उत्तर आहे.

मग मूळ मीटर जोडण्याचा आग्रह तरी कां धरावा? नवें इंजिन चालतें, तर नवे मीटरहि चालावे. हा आक्षेप रास्त आहे, आणि ज्यास गाडी केवळ चालवावयाची आहे त्यानें फळीखालीं स्वस्त मीटर लावून खुशाल चालवावी. परंतु जो ती जपूं म्हणतो त्याच्यापुढें तीनच वाटा आहेत. पहिली, काटे मेलेले ठेवून कांच पुसावी. ही रस्किनची वाट. ती निदान प्रामाणिक आहे. दुसरी, काटे हलते दिसावे एवढीच व्यवस्था करावी. हें सहज साधतें. ठराविक रोधाचा एक तुकडा मागें जोडला कीं काटा मध्यावर जाऊन समाधानानें उभा राहतो. ही कल्पना केवळ फाट्यावरच्या हिकमती लोकांची नव्हे. खुद्द फोर्ड कंपनीनें १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून कांहीं गाड्यांत तेलाचा काटा असाच केला. दाब अमुक मर्यादेच्या वर असला कीं काटा मध्यावर, खालीं गेला कीं शून्यावर. काट्यांची हालचाल पाहून गिऱ्हाइकें घाबरतात, म्हणून काट्यानें हलूंच नये, हा त्यांतला विचार. लाल दिवा निदान आपण दिवा आहों हें लपवीत नाहीं. हा काटा काटा नसून काट्याचें सोंग आहे.

तिसरी वाट अवघड आहे. तबकडी जुनीच ठेवावी, आंकडेहि मैलाचे आणि फॅरनहीटचेच ठेवावे. पण तिला आजच्या इंजिनाची खरी खबर मिळेल अशी मधली जोडणी नव्यानें करावी. आटे जुळविणारा पितळी तुकडा कांतून घ्यावा, दाब उतरवावा, गोळ्याचा रोध मीटराच्या भाषेंत बसवावा, टायरप्रमाणें दांतेरी चाक बदलावें. आणि अंतराचे पांच आंकडे मात्र जेथें थांबले असतील तेथूनच पुढें चालूं द्यावे. ते मागें फिरवूं नयेत, शून्यावरहि आणूं नयेत. थांबलेल्या काळांत गाडी किती चालली तें त्यांत येणार नाहीं, हें खरें. पण ती पोकळी एका चिठ्ठीवर लिहून गाडींत ठेवतां येते. इतिहासांतील पोकळी नोंदवावयाची असते, भरून काढावयाची नसते.

या वाटेनें जो काम करील त्याला तबकडीचें जुनेपण आणि इंजिनाचें परकेपण या दोहोंचाहि मान राखावा लागेल. त्याला मिस्त्रीचा हात हवा आणि थोडा इतिहासकाराचा संशयहि हवा. असे हात आज विरळ होत आहेत. सहा व्होल्टांची बोली समजणारीं माणसें म्हातारीं झालीं. नव्या गाड्यांत काट्यांच्या जागीं चित्रांचा पडदा आला, आणि पडद्यामागें काय चाललें आहे तें पाहण्याची सोय मालकासहि राहिली नाहीं. रस्ते रुंद झाले, फाट्यावरून गाड्या न थांबतां जाऊं लागल्या. तेव्हां ज्या मिस्त्रींच्या डोक्यांत ही विद्या आहे त्यांच्याकडून ती लिहून घेण्याचें काम आमच्या महाविद्यालयांनीं करण्याजोगें आहे. कोणत्या वर्षीं कोणतें इंजिन कोणत्या गाडींत बसलें, त्यासाठीं काय कापलें आणि काय जोडलें, याची एक साधी वही जरी प्रत्येक फाट्यावर तयार झाली, तरी मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासाला दुसरीकडे न मिळणारें साधन लाभेल.

काट्याचें कसब त्याच्या हलण्यांत नाहीं. वारा लागला तरी वस्तु हलते. ज्याच्याविषयीं तो बोलतो त्याच्याशीं तो जोडलेला आहे, एवढ्यावरच त्याची किंमत. टाकी रिकामी असेल तर ती रिकामी म्हणून सांगणारा जुना, पिवळा पडलेला, मैलांत बोलणारा काटा हा भरल्याचें सुख देणाऱ्या चकचकीत काट्याहून अधिक उपयोगाचा आहे. गाडीच्या मालकास तर आहेच, आणि ज्या समाजाला आपला मागचा प्रवास किती झाला व पुढें जाण्यास किती शिल्लक आहे हें जाणून घ्यावयाचें आहे, त्यासहि आहे.